प्रार्थनेतलं माझं नाव

रविवारी चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. उपासनेनंतर त्याची आई चपला शोधायला गेली, तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं. त्याचं जावळ अजून ओलं होतं. ते हुंगताना मला देवाचा राग आला. 'विश्वास ठेवा, प्रभू तुमची कूस उजवील,' असं सगळे सांगत आले आणि लग्नापासून मी ठेवत आले. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच फसवलं, तर गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे?

त्यात त्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत माझं नावही घेतलं नव्हतं. एरवी दर रविवारी घ्यायचे. ते दाराशी आले तेव्हा मी विचारलंच.

"तुम्हाला आता त्याचा त्रास होत असेल, म्हणून थांबलो, बाई," ते खाली बघत म्हणाले.

म्हणजे त्यांनीही आशा सोडली होती.

"घेत जा," मी म्हटलं. "मी रागावलेय त्याच्यावर. पण रुसायलासुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं ना?"

पुढच्या रविवारी त्यांनी माझं नाव घेतलं. माझ्या तोंडून 'आमेन' निघालं नाही. डोळे मात्र मी मिटले होते.