मागचा गोंगाट

ईरा, निहार, न्यूरल नेटवर्कवर संशोधन करणाऱ्यांचं वार्तापत्र तुमचे आजोबा गेले तरी त्यांच्या ईमेलवर येतच राहतं. कालच्या अंकात मराठी आवाजांचा एक संग्रह सर्वांसाठी खुला झाल्याची बातमी होती. यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी आजोबांनीही त्यात वाक्यं वाचून दिली होती. मी एक लावलं. पडद्यावर हिरवी रेघ थरथरली.

"आज बाजारात कोबी स्वस्त आहे," ते म्हणाले. आयुष्यात कधी कोबीचा गड्डा हातात न धरलेला माणूस!

मागून एक बाई करवादली, "अहो, चहा निवतोय."

"आलो गं."

रेघ सपाट झाली. मी मात्र दाराकडे बघत राहिले.

उद्या कुठल्यातरी परक्या घरात एखादं यंत्र बोलताना त्यांच्यासारखं मध्येच थांबेल, आणि तिथे कुणाला काही जाणवणार नाही.

त्या वाक्यापुढे शेरा आहे: मागे गोंगाट, पुढच्या आवृत्तीत वगळणार. त्याआधी तेवढं रेकॉर्डिंग उतरवून ठेवा. बाकीच्या स्वच्छ वाक्यांत ते यंत्राशी बोलतात. माझ्याशी फक्त इथेच.