पाहुणीची प्रार्थना

तिला सगळे काजवाली म्हणत, कारण शिंप्याच्या दुकानात ती काजं करायची. शर्ट कुणी का शिवेना, बटणाचं काज तिच्याच हातचं. दिवसभर मान खाली, सुई हातात आणि तोंड बंद. नवरा अगदी उलट. तो चौकातल्या टपरीत किल्ल्या बनवायचा आणि एक किल्ली घासून होईतो गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करून घ्यायचा. "सगळ्यांची कुलपं उघडली मी," तो म्हणायचा, "पण बायकोच्या तोंडाचं काही उघडेना!" लोक हसायचे. तीही हसायची, तोंड न उघडता.

मूलबाळ नव्हतं. दोघांच्या त्या घरात मोठ्यानं प्रार्थना करायचं काम अर्थातच त्याचं. ताटावर बसला की डोळे मिटणार, आणि राज्य करणाऱ्यांपासून शेजाऱ्याच्या दुखऱ्या दाढेपर्यंत सगळ्याची देवाला आठवण करून देणार. ती एक डोळा किलकिला करून पातेल्याकडे बघत बसायची. आमेन होईतो रस्सा गार. तिला स्वतःला मात्र चारचौघांत प्रार्थना म्हटली की कापरं भरायचं. लहानपणी रविवारच्या शाळेत उभं केलं, तेव्हा "हे देवा" म्हणून ती जी अडकली ती अडकलीच. पोरं खो खो हसली. तेव्हापासून देवाशी काय बोलायचं ते मनातल्या मनात.

असा हा धडधाकट गडी एक दिवस टपरीतच छाती धरून खाली बसला. तिथून परक्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन, गुरुवारी सकाळी. ते ऐकलं आणि बोलघेवड्याची वाचाच बसली. नुसता छताकडे बघत पडून राहायचा. शनिवारी त्यानं तिचा हात धरला.

"माझ्याकडून प्रार्थना होत नाही गं. डोळे मिटले की नुसती भीती. मला आत नेतील, त्याआधी तू कर. मोठ्यानं. मला ऐकू आली पाहिजे."

"करीन की," ती म्हणाली. पण आपल्या जिभेची तिला ओळख होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती दवाखान्यामागच्या चर्चमध्ये जाऊन शेवटच्या बाकावर बसली. उपासना संपली तशी पदराशी पिशवी धरून निघाली, तर दारात एक ठसठशीत बाई आडवी आली. कोपराला पीठ लागलेलं. तिची कोपऱ्यावर बेकरी होती. सगळे तिला पाववाली म्हणत.

"नव्या दिसता ताई. कुणाकडे आलात?"

"दवाखान्यात. ह्यांचं ऑपरेशन आहे."

"मग राहता कुठं?"

"तिथंच. बाकावर."

पाववालीनं पुढं काही विचारलंच नाही. हातातली पिशवी काढून घेतली आणि चालायला लागली. "चला. बाकं बसायला असतात."

बेकरीच्या वर तीन खोल्या. त्यातली भट्टीच्या धुराड्याला लागून असलेली, सगळ्यात ऊबदार, तिला मिळाली. स्वच्छ चादर, पाण्याचा तांब्या, खिडकीत टॉवेल. ही खोली सासूबाईंची, हे तिला मागाहून कळलं. म्हातारीनं आपली गादी निमूट पिठाच्या पोत्यांशेजारी हलवली होती. काजवालीनं नको नको केलं, तर म्हातारी म्हणाली, "गप गं पोरी. मला पिठाचा वास आल्याशिवाय झोप लागत नाही."

इथवर सगळं छान. दुपारी ताटं वाढली, आणि सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरची रीत आहे. पाहुणा आला की प्रार्थना पाहुण्यानं करायची."

काजवाली ताटावरून उठलीच. "मला... मला भूकच नाही. ह्यांना डबा देऊन येते," म्हणाली आणि जिना उतरली सुद्धा.

मग तिनं युक्तीच धरली. सगळ्यांची जेवणं उरकली की घरात शिरायचं, कुणी आग्रह केला तर पोट बिघडलंय म्हणायचं, आणि खाली भट्टीशी उभ्या उभ्या चहात पाव बुडवून खायचा. इकडे पाववाली हवालदिल. सोमवारी तिखट कमी केलं. मंगळवारी मऊ भात आणि सूप. बुधवारी कोंबडीच शिजवली. पाहुणी आपली डबा घेऊन पसार.

त्या दुपारी ती चप्पल घालत होती, तर स्वयंपाकघरातून आवाज आला.

"परक्या घरचं माणूस उपाशी निघतंय माझ्या घरातून! तुझ्या हाताला चव असती तर बसली असती."

"मग तुम्ही इतकी वर्षं काय हवा खाऊन जगलात?"

"मला पर्याय कुठाय? तिला आहे!"

सून एरवी तोडीस तोड द्यायची, पण आज तिचा आवाज ओला झाला. "मी तरी काय करू, सासूबाई? काय घालू तिला, तुम्हीच सांगा."

काजवालीनं चप्पल काढली. ज्या बाईनं घर उघडून दिलं, तिलाच आपल्यापायी बोलणी! ती दारात जाऊन उभी राहिली आणि तोंडात आलं ते बोलून मोकळी झाली.

"जेवण सोन्यासारखं आहे हो. वास आला की जीव कासावीस होतो. पण मला मोठ्यानं प्रार्थना येत नाही. आणि उद्या ह्यांच्यापुढं करायची आहे. त्यांनी तेवढंच मागितलंय. भीतीनं घास उतरत नाही."

मग पाववाली पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "अगं बाई! आणि मी मेली मीठ मोजत बसले!"

सासूबाईंनी पाट सरकवला. "बस. कोण म्हणतं मोठं भाषण दे म्हणून? समोर काय दिसतंय ते सांग आणि थँक यू म्हण. नातवाला तेच शिकवलं मी."

तिघींनी डोळे मिटले. खाली कुणीतरी पावाचे पत्रे आपटत होतं. दोघींपैकी एकीनंही डोळा उघडला नाही की घसा खाकरला नाही. शेवटी काजवालीच्या तोंडून शब्द आले, "देवा... कोंबडी दिलीस. थँक यू. आमेन."

"आमेन!" दोघी अशा ठणकावून म्हणाल्या, जणू पाळकांचं प्रवचन झालं. त्या दुपारी काजवाली दोनदा भात मागून जेवली.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात ती एकटी नव्हती. पाववाली भट्टी नवऱ्यावर सोपवून आली होती, आणि सासूबाई काठी टेकत, दर पायरीला लिफ्टवाल्याचा उद्धार करत वर पोचल्या होत्या. स्ट्रेचर दाराशी थांबलं. काजवालीच्या नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडलेले.

तिनं त्याचा हात घट्ट धरला. समोर काय दिसतंय? तिनं डोळे मिटलेच नाहीत.

"देवा, हे माझे मालक. घाबरलेत. मीही घाबरलेय. ओळख ना पाळख, तरी ह्या मायलेकींसारख्या सासूसुनांनी मला घरात घेतलं, ऊबदार खोली दिली, वाट बघून जेवू घातलं. थँक यू. त्यांच्या हातून तूच ते केलंस, तर आत ह्यांच्याजवळही तूच थांब. आणि ह्यांना मला परत दे. आमेन."

मागून दोन दणदणीत आमेन आले. नर्सनं वळून पाहिलं.

नवऱ्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं, पण ओठांत जरा रंग आला. "एवढीच?"

"लांबवली की रस्सा गार होतो," काजवाली म्हणाली.

तो हसतच आत गेला.

देवानं त्याला परत दिलं. दवाखान्यातून सोडल्यावरही पाववालीनं त्यांना गाडीत बसू दिलं नाही, आपल्याच घरी ठेवून घेतलं. "न थांबता जिना चढून दाखवा, मग जा." त्या दिवसांत काजवालीनं बेकरीतल्या कामगारांच्या यच्चयावत कोटांची काजं नवी करून दिली. वाचा परत आलेल्या नवऱ्यानं सासूबाईंच्या खोलीला उत्तम कुलूप बसवून देतो म्हटलं.

"नको रे बाबा," म्हातारी म्हणाली. "किल्ली मीच हरवीन, आणि पाहुणा बसेल बाहेर. कडी पुरे."

तो दवाखान्यातून आला त्या दिवशी, पहिल्या जेवणाला सगळे बसले. वाफाळलेलं पातेलं मध्ये. नवऱ्यानं सवयीनं घसा साफ केला, छाती भरून श्वास घेतला.

सासूबाईंनी पातेल्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुझ्या प्रार्थनेबद्दल ऐकलंय आम्ही," त्या म्हणाल्या. "तू विश्रांती घे. ती करेल."