पुट अप

ऐंशीच्या दशकात मी सौसरच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. कारभार हिंदीतून, पण आमचे साहेब जुन्या वळणाचे. शेरा मारायचा तर त्यांना इंग्रजीशिवाय सुचायचं नाही. पहिल्याच आठवड्यात ‘पुट अप’शी गाठ पडली. मला त्याचा अर्थ ‘वर ठेवणे’ एवढाच ठाऊक. कचेरीत तो होता साहेबांपुढे कागद मांडणे. ‘पुट अप टुडे’ म्हणजे आजच. ‘पुट अप आफ्टर डिस्कशन’ म्हणजे बहुधा कधीच नाही. ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स’ म्हणजे आधीचे कागद शोधून, जोडून. आमचा चपराशी तर चहासुद्धा पुट अप करायचा. जो कागद पुट अप झाला नाही, तो कचेरीच्या लेखी नव्हताच. हे कळल्यावर मला भलताच रुबाब चढला.

मोहगावच्या शाळेतल्या एका बाईंचा बदलीचा अर्ज आला. त्यांची दीड वर्षाची मुलगी पांढुर्ण्याला, त्यांच्या आईजवळ होती. साहेबांनी शेरा मारला, आधीच्या कागदांसह पुट अप. बाईंचा आधीचा अर्ज कपाटावरच्या बस्त्यात, लाल फडक्यात बांधलेला. वर बोटभर धूळ. म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात.

बाई दर बाजाराच्या दिवशी यायच्या.

“भाऊ, माहा कागद ठेवला काय साहेबापुढे?”

“पुट अप करून राहिलो ना बाई.”

असे आठ महिने गेले. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, “लवकर करा भाऊ. पोरगी आता माह्या मायलेच आई म्हनून राहिली.” मी मान हलवली आणि चहा मागवला.

एके दिवशी बाईंनी काही विचारलंच नाही. पदर खोचला, स्टूल ओढलं, बस्ता उतरवून माझ्याच टेबलावर सोडला. दहा मिनिटांत जुना अर्ज सापडला. तो नव्याला टाचून त्यांनी माझ्या हातात दिला. मी आत नेला. साहेबांनी मान वर न करता सही केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई पांढुर्ण्याला रुजू झाल्या. पुढे काही दिवसांनी तिथल्या स्टेशनवर भेटल्या, मुलगी कडेवर. मी विचारलं, “आता ओळखते ना तुम्हाले?”

“हो ना भाऊ,” त्या म्हणाल्या. “मावशी म्हनते.”