घुंगुरकाठी

आम्हां ठाणेकरांच्या घरी दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेत नसत, ‘जनावर’ म्हणत. मिठागराच्या बांधावर, गवताच्या गंजीत, न्हाणीच्या मोरीत जनावर निघे, आणि माझे थोरले बंधू आपली घुंगुरकाठी आपटीत पुढे होत. घुंगूर वाजले की ते वाट सोडते, अशी त्यांची खात्री होती. वडिलांच्या मागे मला आणि धाकट्या बहिणीला त्यांनीच वाढविले. त्यांच्या खात्रीविषयी शंका घेण्याची आम्हांस सवय नव्हती.

बहिणीला दक्षिणेकडे, मालवणच्या बाजूस दिले होते. एका कार्तिकात आम्ही दोघे आगबोटीने तिला भेटावयास गेलो. तो किनारा आमच्या खाडीसारखा सपाट नव्हे. काळे कडे सरळ समुद्रात उतरलेले, आणि त्यांच्या माथ्यावरून ओढे वाळूवर कोसळत होते. बंधूंना लेण्यांचा फार नाद. साष्टीतील लेणी त्यांनी पायी हिंडून पाहिली होती. मोठ्या धबधब्यामागे एक घळ आहे असे कानी येताच तेथेही कोरीव खांब असणार, असे त्यांनी ठरवून टाकले.

बहिणीच्या सासूबाई माजघरातून म्हणाल्या, “थंय जाव नकात. थंय जनावर आसा.”

“जनावराची आम्हांला सवय आहे, विहीणबाई,” बंधू हसले. “काठी आहे ना माझी.”

पाहुणे थट्टा करीत आहेत असे त्यांना वाटले असावे. “बरां. परत इल्यात तर जेवाण वाढतंय,” असे म्हणून त्या आत वळल्या.

त्या गावी सापाला ‘किरडू’ म्हणतात. जनावर म्हणजे वाघ. दोन्ही गावांची बोली जाणणारी एकटी बहीण, आणि ती त्या वेळी विहिरीवर गेली होती.

धबधब्यापाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते, तरी कड्याच्या सावलीत अंगावर काटा आला. वाटेत पांढऱ्या पोटाचे मोठे गरुड लाटांवर झडप घालताना पाहिले होते. येथे पाखरूही नव्हते. वरच्या झाडांवर वानर मात्र होते, पुष्कळ होते, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून निश्चल बसले होते. पाण्याच्या ओल्या वासातून मधूनच दुसरा एक उग्र दर्प येई. वटवाघळांचा असेल, असे बंधू म्हणाले आणि पाण्याच्या पडद्याआड शिरले.

मी बाहेर एका दगडावर उभा राहिलो. पाण्याच्या त्या गर्जनेत घुंगरांचा आवाज बारीक, पण स्पष्ट ऐकू येत होता. तो आत आत जाऊ लागला. मग थांबला.

मी हाक मारली. माझा शब्द मलाच ऐकू आला नाही. आत जावे असे मनात आले आणि पाय हलेनात. ते गेले तर मला आणि बहिणीला या जगात वडीलधारे कोणी उरत नाही, एवढेच डोक्यात घोळत राहिले. वानरांपैकी एकाने खाकरल्यासारखा आवाज केला आणि सगळे झाडाच्या शेंड्यांकडे सरकले.

मग पाण्यातून बंधूंची पाठ दिसली. ते उलट्या पावलांनी, एकेक पाऊल चाचपीत येत होते. काठी त्यांनी छातीशी धरली होती आणि घुंगूर मुठीत इतके घट्ट आवळले होते की नखांखालून रक्त आले होते. वाळूवर आल्यावरही त्यांनी वळून पाहू दिले नाही. वस्तीची कौले दिसल्यावर ते एवढेच म्हणाले, “उठले नाही. नुसते बघत होते.”

सासूबाईंनी पाने वाढून ठेवली होती. बंधू पानावर बसले, पण काठी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्यानंतर पावसाळ्यात ठाण्यास आमच्या मोरीत साप निघाला. शेजारच्या काकूंनी “जनावर, जनावर” अशी हाक दिली. बंधूंनी खुंटीवरून काठी काढली, उंबऱ्यापर्यंत आले, आणि तेथेच घुंगूर मुठीत आवळून उभे राहिले. सापाला शेवटी मीच हुसकले. मूठ उघडावयास त्यांना बराच वेळ लागला.