हळद-मिठाचं बोट

नव्वदीच्या दशकात आम्ही हुबळीजवळ नवनगरात राहायचो. घरामागे एक अक्का होत्या, बोलताना सगळ्यांनाच कानडीतलं आदराचं 'री' लावणाऱ्या. पोरांची पडजीभ उचलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोर खोकायला लागलं, जेवेनासं झालं, की आया त्याला अक्कांकडे न्यायच्या. अक्का बोट हळद-मिठात बुडवून घशात आतपर्यंत घालायच्या, दाबायच्या, पोर भोकाड पसरायचं, की झालं काम. त्यांच्या भिंतीवर एका लहान मुलीचा हार घातलेला फोटो होता. हे सगळं त्याच्याखालीच चालायचं. कुणाचा म्हणून मी कधी विचारलं नाही. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि थोरल्याला चारदा अक्कांकडे नेलं होतं. माझं शहाणपण ते एवढंच.

धाकटी तेव्हा तीन वर्षांची. सकाळी तापली. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मी खोलीत गेले, तर ती पलंगावर बसली होती. दोन्ही हात पुढे टेकलेले, हनुवटी वर, तोंड उघडं. लाळ गळत होती, ती गिळत नव्हती. खोकला नाही, रडणं नाही. दिवसभर बडबडणारी पोर एक शब्द बोलेना. फक्त श्वास आत घेताना बारीक शीळ वाजायची. माझ्याकडे न बघता ती दाराकडे बघत होती. मी वळून पाहिलं, दारात कुणी नव्हतं. मला माझ्याच मुलीची भीती वाटली. सांगायला लाज वाटते, पण वाटली.

मी खिडकीतून अक्कांना हाक मारली. त्या बोट भिजवूनच आल्या. मी नेहमीसारखी पोरीला आडवी करून डोकं धरायला गेले. अक्का दारातच थांबल्या. ती शीळ ऐकत राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"झोपवू नका री तिला! बसू द्या तशीच."

"अहो अक्का, बोट घाला ना लवकर!"

"मी न्हाई हात लावत. रिक्षा बोलवा आधी."

मला असा संताप आला! गल्लीतल्या सगळ्या पोरांना चालतं, माझीलाच का नाही? तोंडाला येईल ते मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि रिक्षात माझ्याशेजारी येऊन बसल्या. हुबळीच्या वाटेवर पोर माझ्या मांडीवर ताठ बसलेली. उणकलच्या तळ्यापाशी शीळ थांबली. रिक्षाच्या आवाजातही मला ते थांबणं ऐकू आलं. मग ती पुन्हा सुरू झाली. अक्कांनी बोट तसंच वर धरलं होतं, पुसायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

मुलगी वाचली. घशात नळी घातली, इंजेक्शनं दिली, चौथ्या दिवशी ती भोकाड पसरून रडली आणि मीही रडले. पण मला आठवतं ते त्याआधीचं. डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावलं नाही, चमचा हातात घेतला नाही. माझ्या मांडीवरच ठेवून ऑक्सिजन नाकाजवळ धरला. श्वासनळीच्या तोंडावरची झाकणी सुजली आहे, नुसता धक्का लागला तरी वाट बंद होईल, म्हणाले. तेवढ्यात त्यांना अक्कांचं पिवळं बोट दिसलं.

"घशात बोट घातलंत?" ते ओरडलेच.

अक्का माझ्या मुलीकडे बघत होत्या.

"हिच्या न्हाई घातलं री, डॉक्टर."

भिंतीवरचा फोटो कुणाचा, हे विचारायची गरज मला पुन्हा कधी पडली नाही.