पांढऱ्यावर पांढरं

हेमाच्या यजमानांचा, जनार्दनभावजींचा फोन आला, तेव्हा मी तिचंच पान दुरुस्त करत होते. "मीनाताई, हेमा गेली," एवढंच ते म्हणाले. आदल्या दिवशी दवाखान्यातून तिनं बजावलं होतं, सातव्या पानावर उकार कापले जाताहेत, ओळींतलं अंतर वाढव... मी आधी अंतर वाढवलं. मग रडले.

दीड महिना झाला त्याला. माझी ही मैत्रीण महापेला एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायची. ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर काढायची, त्याची माहितीपुस्तिका तिनं मराठीत लिहिली आणि वेबपानांवर चढवली. लिहायची ती, तपासायची मी. इंग्रजीच्या मापानं बेतलेल्या ओळींत मराठी अक्षरं कापली गेली की बाई खवळायची. "आपल्या अक्षरांना पाय असतात गं, ते ठेवायला जागा नको?" प्रत्येक पानाच्या तळाशी परवाना असे: वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा, फक्त हीच मोकळीक पुढच्याला द्या. तोही मजकुराएवढ्याच अक्षरांत. बारीक कर म्हटलं, तर म्हणाली, "बारीक अक्षरांत फसवायच्या अटी लिहितात."

वाचताना माऊस ओढत ओळी निळ्या करत जायची तिची सवय होती. मला वैताग यायचा. पण एका कॉम्प्युटर क्लासनं तिची पानं आपल्या साइटवर लावली, तेव्हा त्याच सवयीनं चोरी पकडली. तळाशी कोरी दिसणारी जागा निळी झाली आणि आतून परवाना उमटला. पांढऱ्यावर पांढरा! खाली ठळक काळ्यात, 'सर्व हक्क राखीव'.

आम्ही दोघी क्लासवर धडकलो. "मॅडम, काढलाय कुठे? आहे की तो," संचालक हसत म्हणाले.

"मग सर, दारावरची तुमची पाटीपण पांढऱ्यावर पांढरी रंगवा. नाव असेलच ना!" हेमा म्हणाली.

आठवड्यात परवाना काळा झाला, हक्कांची ओळ गेली.

तेराव्यानंतर हेच गृहस्थ हेमाच्या घरी कागद घेऊन आले. ताईंच्या स्मरणार्थ पुस्तक काढतो म्हणाले, फक्त सगळे हक्क क्लासला द्या, वारस म्हणून सही करा. भावजी मासळीबाजारात बसणारे, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेले. मी शेजारीच होते; वाटलं, करतात आता सही.

"त्यो खालचा परवाना पुस्तकात ऱ्हानार ना?" भावजींनी विचारलं.

"तो काढावा लागेल. आता ताई नाहीत, कोण बघतंय?"

भावजींनी कागद परत केला. "तिनं सगल्यांना दिलंय. मंग मी तुमा एकल्याला कसा देऊ?"

आणि बघतंय कोण? मी बघतेय. रोज सकाळी क्लासचं पान उघडून तळापर्यंत माऊस ओढते. परवा भावजी म्हणाले, मला बी शिकवा. तिच्याच टेबलाशी बसवलं. सुरीचे वण असलेल्या बोटांनी त्यांनी माऊस धरला, चुकत, थांबत पान शेवटपर्यंत निळं केलं, मग बाजूला क्लिक करून निळं घालवलं आणि चष्मा सावरून पडद्याशी वाकले.

"हाय," ते म्हणाले. "काला हाय."