दोन पायांची दोन मापं

माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड आहे आणि पाऊलही दोन नंबरांनी लहान. तीन वर्षांचा असताना पोलिओ झाला होता. आम्ही तेव्हा अमरावतीत राहायचो, वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. दरवर्षी जूनमध्ये उजव्या पायाच्या मापाचे बूट घ्यायचे आणि डाव्या बुटाच्या चवड्यात आई कापूस भरायची. देवाच्या वाती वळायला ठेवलेला स्वच्छ कापूस ती त्यासाठी काढायची, जुनी चिंधी तिने कधी घातली नाही. दुपारपर्यंत तो घामाने दबून गोळा व्हायचा आणि मी पाय ओढत घरी यायचो.

पुढे अकोल्याला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, जठारपेठेत घर झालं. कापूस मी स्वतःच भरायला लागलो. उंचीतला फरक मात्र कापसाने भागत नव्हता. त्यासाठी आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली बसणारा मोची डाव्या टाचेखाली टायरचं रबर लावून द्यायचा. पंचवीस वर्षं त्यानेच लावलं, पण मी त्याच्याकडे एकदाही गेलो नाही. बायको पिशवीत जोडे घालून घेऊन जायची. भर रस्त्यात बूट काढून तो पाय उघडा करायचा, हे माझ्याने होत नसे. घरातसुद्धा पाहुणे आले की मी मोजे घालून बसायचो.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलीकडे पोलंडला गेलो. ती वॉर्साला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. शहर सुंदर आहे, पण जुन्या भागातल्या रस्त्यांवर गोल गोल दगड बसवलेले. दुसऱ्याच दिवशी माझ्या टाचेला फोड आला. मी सांगितलं नाही. "तुम्ही मायलेकी फिरून या, मी खिडकीतून नदी बघतो," असं म्हणायला लागलो. मुलीच्या ते लक्षात आलं असावं.

एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, चला, इथेच जवळ जायचंय."

"म्युझियम असेल तर तुम्ही दोघी जा."

"म्युझियम नाही. एक दुकान आहे."

दुकानाच्या काचेत फक्त तीन जोड मांडलेले होते. आत गेल्यावर चामड्याचा आणि मेणाचा वास आला. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर लाकडाची पावलंच पावलं. गिऱ्हाईक आलं की त्याच्या पायाबरहुकूम लाकडाचे कलबूत कोरायचे, आणि त्यांवर चामडं ताणून जोडा शिवायचा, अशी तिथली पद्धत. प्रत्येक कलबुतावर शाईने नाव घातलेलं होतं. माणूस पुन्हा आला की माप घ्यायला नको.

मालक सत्तरीचे होते. चामड्याचा एप्रन, चष्मा कपाळावर. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि थेट खुर्चीकडे हात केला. मी मुलीकडे वळलो.

"तू यांना आधीच सांगून ठेवलंस?"

"हो. नाहीतर तुम्ही आला असता का?"

मला राग आला होता. मी परत फिरणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, बसा आता. पंचवीस वर्षं मी पिशवी नेली. इथे कोणी ओळखीचं आहे का आपल्या?"

मी बसलो. ते गृहस्थ माझ्यासमोर ठेंगण्या स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या बुटाची नाडी सोडली. मी पाय मागे घेतला. आपल्याहून वयाने मोठ्या माणसाने पायाला हात लावायचा, हे मला कसंसंच झालं. ते थांबले, हसले, आणि मी पाय परत पुढे करेपर्यंत तसेच बसून राहिले. बूट निघाला तसा कापसाचा गोळा जमिनीवर पडला. मी तो उचलायला वाकलो, पण त्यांनी आधीच उचलला होता. बोटांत धरून तो त्यांनी उजेडात सगळ्या बाजूंनी पाहिला आणि मुलीला काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, हा ठेवून घेऊ का? बुटात किती जागा रिकामी राहते, त्याचा हा अगदी बरोबर साचा आहे म्हणतात."

मला हसू आलं. घ्या म्हटलं.

मग त्यांनी बुटाची टाच पाहिली. रबरावरून अंगठा फिरवला, पट्टीने उंची मोजली, मला उभं करून कमरेच्या दोन्ही बाजूंना हात लावून पाहिलं, परत मोजली.

"हे कोणी केलं?"

"आमच्याकडचा एक कारागीर आहे," मी म्हणालो.

"उंची बरोबर आहे. मी यात काही बदलणार नाही. त्यांना माझ्याकडून सांगा."

त्यांनी मोठ्या वहीच्या एका पानावर माझी दोन्ही पावलं पेन्सिलीने गिरवली. घोटा, चवडा, पायाची कमान, सगळ्याची मापं फितीने घेऊन शेजारी लिहिली. डाव्या पायाला उजव्यापेक्षा दुप्पट वेळ दिला. मी मुलीकडून त्यांना विचारलं, असे पाय तुमच्याकडे नेहमी येतात का?

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दुकान त्यांच्या आजोबांनी काढलेलं. युद्धात सगळं शहर जळालं, त्यात आजोबांचे सगळे कलबूतही गेले. नंतर जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परत यायला लागली, तेव्हा सगळ्यांची मापं नव्याने घ्यावी लागली. "कितीतरी जणांना एकच पाय उरला होता," ते म्हणाले. "आजोबांनी त्या वर्षांत जोड कमी आणि एकेकटे बूटच जास्त शिवले. वडिलांना त्यांनी शिकवलं ते हेच, की सारखे पाय असलेला माणूस अजून जन्माला यायचाय."

मुलीने हे सांगून संपवलं तोवर त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली होती.

महिन्याभराने एकदा परत बोलावलं. स्वस्त चामड्याचा कच्चा बूट घालून मला दुकानात चालायला लावलं, मग तोच बूट रापीने चिरून आत बोटं कुठे दबतात ते पाहिलं. खरे बूट व्हायच्या आत आमचे तीन महिने संपले आणि आम्ही अकोल्याला परतलो.

दिवाळीला मुलगी आली ती बूट घेऊनच. गडद तपकिरी, साधे, कुठे नक्षी नाही. डाव्याची टाच आतून उंच केलेली, बाहेरून दोन्ही सारखेच दिसत होते. किंमत तिने सांगितली नाही. मी ते घातले आणि बैठकीतून स्वयंपाकघराकडे चालत गेलो.

आतून बायकोचा आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे," म्हटलं.

ती हातातला झारा तसाच घेऊन दारात आली. इतक्या वर्षांत माझं पाऊल तिने न पाहता ओळखलं होतं. ते आज तिला ओळखू आलं नाही. ती माझ्या पायांकडे बघत राहिली, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, चकल्या जळतील."

भाऊबीज झाल्यावर मी ते बूट घालून गल्लीच्या तोंडाशी गेलो. मोची आता म्हातारा झाला होता.

"राम राम भाऊ. मला ओळखलं का?"

"ओयखतो ना जी. तुमी सर. वयनी जोडे घेऊन येत होत्या."

"पण मी तर कधी आलो नाही."

"तुमी रोज शाळेत जात होते ना इथूनच. मी मागून पाह्यत होतो. कोन्या पायावर किती भार देता, ते चालन्यावरून समजते. त्या हिशोबानं रबर लावत होतो."

मी काय लपवत होतो आणि कोणापासून, असं मला झालं. त्याच्या शेजारच्या दगडावर बसलो आणि वॉर्साच्या कारागिराचा निरोप सांगितला. त्याने नीट ऐकून घेतला.

"परदेसातला मानूस म्हने, उंची बरोबर हाय?"

"हो. काहीच बदललं नाही त्यांनी."

त्याने हात फडक्याला पुसले आणि बूट मागितला. बराच वेळ आत-बाहेर बघत राहिला, नखाने एकेक टाका चाचपला.

"हातची शिलाई हाय. लय सबूर मानूस दिसते." मग म्हणाला, "पन उन्हायात हे घालू नका सर. पाय उकडून निंगन."

"मग उन्हाळ्यात काय घालू?"

"पाय दाखवा."

मी मोजा काढला. रस्त्यावर भाजीवाल्या होत्या, शाळेची रिक्षा उभी होती. त्याने जुन्या वर्तमानपत्रावर माझी दोन्ही पावलं गिरवली. आठवड्याभराने चप्पल दिली, तिचा पट्टा करंगळीला लागला. ती परत घेऊन त्याने दुसरी केली, ती बसली. मुलीला फोटो पाठवला, तिने तो दुकानात नेऊन दाखवला. तिकडून उत्तर आलं: काम छान आहे, पण पट्टा थोडा रुंद असता तर डावा पाय जास्त सावरला असता.

मी ते मोच्याला सांगितलं.

"त्याईले म्हना, एकडाव मे महिन्यात अकोल्याले या," तो म्हणाला. "रुंद पट्ट्याखाली घाम येते."

मी तसंच कळवलं. आता पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने मी दोन फेऱ्या मारतो. थंडीत बुटांनी, बाकीचे दिवस चपलेने. ती चप्पल झिजली म्हणून यंदा मोच्याने नवी करून दिली. घरी येऊन बघतो तर पट्टा अर्धं बोट रुंद केलेला.